चाळिशीनंतरचं स्टेअरिंग

गेल्या रविवारी दुपारी चुलतभाऊ घरी आला. वय ४४. एमआयडीसीतल्या एका कंपनीत अठरा वर्षं काम केलं, त्यातली शेवटची सात कंत्राटावर. दोन महिन्यांपूर्वी कंपनीनं एक शिफ्ट बंद केली आणि हा घरी बसला. चहा अर्धा तसाच ठेवून म्हणाला, "दादा, तू पेपरवाला माणूस. खरं सांग. हेवी लायसन काढून लांबच्या गाडीवर जाऊ का? का वय झालं माझं?"

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "मी गेलो तवा एक्केचाळीसचा हुतो."

अण्णा म्हणजे माझे वडील. आता ८२ वर्षांचे आहेत. एकोणीस वर्षं मुंबईच्या गिरणीत आणि एकवीस वर्षं ट्रकवर अशी चाळीस वर्षांची त्यांची नोकरी. भावाला मला एका वाक्यात उत्तर देता येईना. गेल्या वर्षभरात हा प्रश्न विचारणारा तो तिसरा. आधी लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद पडलेला एक मित्र आला होता, मग विनाअनुदानित शाळेवर पंधरा वर्षं घालवलेला एक शिक्षक. तिघंही चाळिशीच्या पुढचे. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण ज्यांच्या घरात हा विचार चालू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

आपल्या डोक्यात ट्रक ड्रायव्हरचं एक चित्र पक्कं आहे. शाळा सुटलेलं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं क्लीनर म्हणून गाडीवर जातं, टायर बदलता बदलता गाडी शिकतं आणि विशीत स्टेअरिंगवर बसतं. असे भरपूर आहेत, खोटं नाही. पण आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात दुसरीही एक जात आहे, एक धंदा हातातून गेल्यावर उतारवयाकडं झुकताना गाडीवर चढलेल्यांची. त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण तो कुठल्याच हजेरीपटावर नाही.

पहिले आले ते फौजी

दुसऱ्या महायुद्धात भारतीय लष्कर पंचवीस लाखांच्या वर गेलं. बैलगाडीशिवाय दुसरी गाडी न हाकलेल्या हजारो खेड्यातल्या पोरांना फौजेनं लॉरी चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. युद्ध संपलं, फौज कमी झाली, लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या. गाड्याही आल्या आणि चालवणारे हातही आले. पुढं १९५४ मध्ये टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. जुनी माणसं अजून त्या गाडीला 'टाटा मर्सिडीज'च म्हणतात.

आपल्या जिल्ह्यात फौजेची परंपरा किती आहे हे वेगळं सांगायला नको. अपशिंग्याला तर नावातच 'मिलिटरी' आहे. फौजेतला ड्रायव्हर पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर घरी येतो. शेती दीड-दोन एकर, पोरं शाळेत, हात रिकामे. मग तो ट्रकवर जातो. आमच्या गावचे हवालदार आबा त्यातलेच. त्यांच्याकडं दोन गोष्टी होत्या, घाटात न घाबरणारा हात आणि महिन्याला पोस्टात येणारी पेन्शन. यातल्या दुसऱ्या गोष्टीकडं आम्हा कुणाचंच तेव्हा लक्ष गेलं नाही.

मग आले गिरणीवाले

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे कधीच मागं घेतला गेला नाही. संप मिटला नाही, विरला. लाखभराहून जास्त माणसं परत गिरणीत गेलीच नाहीत.

पाटण, जावळी, शिराळा, तिकडं कोकण. या डोंगरी भागातलं घर असं नव्हतं की ज्यातलं कुणी गिरणगावात नाही. अण्णा साचा खात्यात होते. लालबागला एका खोलीत चौदा जण पाळीपाळीनं झोपायचे, जेवण खानावळीत. गणपतीला आणि शिमग्याला गावाला यायचे तेव्हा ट्रंकेत आमच्यासाठी कापडाचे तुकडे असायचे. १९८२ च्या पावसाळ्यात ते आले ते ट्रंक रिकामी घेऊन. चार महिन्यांत मिटेल म्हणाले. वर्ष गेलं. १९८३ मध्ये सरकारनं मुंबईतल्या तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांच्या यादीत अण्णांची गिरणी नव्हती. आई सांगते, त्या दिवसापासून ते पहाटे उठायचे बंद झाले. तोपर्यंत गावातसुद्धा पहिल्या पाळीच्या वेळेला जाग यायची त्यांना.

१९८४ मध्ये हवालदार आबांनी त्यांना गाडीवर घेतलं. क्लीनर म्हणून. नीट वाचा, एक्केचाळीस वर्षांचा, चार साचे सांभाळलेला कारागीर क्लीनर म्हणून. बाकीच्या गाड्यांवरचे क्लीनर सोळा-सतरा वर्षांचे. ढाब्यावर ड्रायव्हर लोक खाटेवर बसायचे आणि क्लीनर पोरं काच पुसायची. अण्णा त्या पोरांच्या रांगेत फडकं घेऊन उभे राहायचे. पोरं त्यांना 'काका' म्हणायची आणि काम मात्र तेच सांगायची. ताडपत्री ओढा, रस्सा आवळा, टायरवर हातोडी मारून हवा बघा, घाटात गाडी उभी राहिली की चाकाखाली दगड लावा.

दोन वर्षांनी त्यांचं हेवी लायसन झालं. पहिलं लांबचं भाडं मिळालं ते इचलकरंजी ते राजस्थानातलं बालोत्रा. माल होता यंत्रमागाचं कोरं कापड, रंगवायला चाललेलं.

ही गोष्ट अण्णांनी मला वीस वर्षं सांगितली नव्हती. गाडी भरताना त्यांनी सवयीनं एका ताग्याला हात लावला, कापड चिमटीत धरलं आणि त्यांना कळलं की हे तेच कापड आहे जे पूर्वी त्यांच्या गिरणीत निघायचं. थोडं विरळ, थोडं हलकं, पण तेच. मला म्हणाले, "आपलं मढं आपुनच वाह्यलं बघ. भाड्यानं."

अण्णांनी एका वाक्यात सांगितलं ते मला पत्रकारितेच्या डिप्लोम्यात कुणी शिकवलं नव्हतं. संपाच्या आधीपासूनच काम गिरणीतून यंत्रमागाकडं सरकत होतं, संपात ते धावत गेलं. गिरणीत सूत, विणाई, रंगाई सगळं एका छपराखाली व्हायचं. यंत्रमागात ते फुटलं. सूत एका गावातून, विणाई इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावला, रंगाई बालोत्रा-पालीला, विक्री मुंबई-अहमदाबादला. जिथं जिथं साखळी तुटली तिथं तिथं ती जोडायला एक ट्रक लागला. म्हणजे ज्या मोडतोडीनं अण्णांची नोकरी खाल्ली, तिनंच त्यांना दुसरी दिली. पहिल्या नोकरीत पाळी होती, हजेरी होती, फंड होता, युनियन होती. दुसरीत फक्त रस्ता होता.

आणि रस्ता लांबही होत चालला होता. १९७५ पासून नॅशनल परमिट आलं. त्याआधी दुसऱ्या राज्यात माल न्यायचा तर परवान्यांच्या भानगडी फार. परमिट झाल्यावर एकच गाडी थेट तीन-चार राज्यं ओलांडून जाऊ लागली. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतांश माल रेल्वेनं जायचा, पुढं तो हळूहळू रस्त्यावर आला. चालवणारी माणसं हवीच होती आणि डोंगरात ती रिकामी बसलेली होती.

कायदा होता, पण पाचापासून पुढं

ड्रायव्हरांसाठी कायदाच नव्हता असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. १९६१ मध्ये मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांबच्या मार्गावर परवानगीनं वाढवले तरी दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्नच्या पुढं नाही. सलग पाच तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती. वाचायला किती बरं वाटतं.

पण हा कायदा ज्या मालकाकडं पाच किंवा जास्त कामगार होते त्यालाच लागू होता. आपल्याकडचा ट्रकधंदा कुणाच्या हातात आहे? एक गाडी, दोन गाड्या, फार तर तीन गाड्यांवाल्यांच्या. ड्रायव्हर-क्लीनर मिळून चार डोकी. कायद्याच्या दारात उभं राहून आत पाऊल पडू नये असाच आकडा. अण्णांच्या शेठकडं दोन गाड्या होत्या.

दुसरा नियम १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला. नॅशनल परमिटच्या गाडीवर कमीत कमी दोन ड्रायव्हर पाहिजेत, आणि मागं एकाला आडवं होऊन झोपता येईल अशी रुंद सीट पाहिजे. सीट गाडीत असायची. दुसरा ड्रायव्हर मात्र बऱ्याच वेळा कागदावरच असायचा, प्रत्यक्षात क्लीनर. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरांची ही अटच काढून टाकली गेली. जे पाळलं जात नव्हतं ते पाळायला लावण्यापेक्षा नियम पुसणं सोपं पडलं, असं माझं मत. कुणाचं वेगळं असेल तर ऐकायला तयार आहे.

आता आपल्याच मातीतली एक गोष्ट बघा. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील मुंबईत माथाडींना उभं करतात, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा होतो. हमालाचाही एक मालक नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. तरी कायद्यानं बोर्ड काढलं, हमालाची नोंद केली, व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली, आणि त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा यांची सोय लावली. त्या बोर्डांचं आज काय चाललंय तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे. पण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी महाराष्ट्रानं हे करून दाखवलं एवढं खरं.

म्हणजे चित्र असं की ट्रकमध्ये पोतं टाकणाऱ्या माणसाची नोंद आहे, आणि तेच पोतं दीड हजार किलोमीटर घेऊन जाणाऱ्याची नाही. दोघं एकाच तालुक्यातले, कधीकधी सख्खे भाऊसुद्धा. आमच्याच भावकीत एक चुलता वाशीच्या मार्केटला माथाडी होता. निवृत्तीला त्याच्या हातात फंडाचे पैसे आले. अण्णांना २००५ मध्ये, डोळ्यात मोतीबिंदू उतरल्यावर, शेठनं शाल-नारळ दिला.

भाडं, भत्ता आणि झोप

गाडीवरचा पगार कसा असतो हे बाहेरच्यांना कळत नाही. मूळ पगार थोडा, बाकी ट्रिपवर. रोजचा खाण्याचा भत्ता. डिझेलचं ॲव्हरेज ठरलेलं, त्यात वाचलं तर चार पैसे, जास्त लागलं तर आपल्या अंगावर. माल कमी भरला, भिजला, फाटला तरी कपात. रस्त्यावरची 'एंट्री' वेगळी, तिची पावती नसते. आणि परतीचं भाडं मिळेपर्यंत ट्रान्सपोर्ट नगरात जेवढे दिवस पडून राहाल ते दिवस कुणाच्याच हिशेबात नाहीत. उचल मात्र हिशेबात असते. आमच्या बहिणीच्या लग्नाला अण्णांनी शेठकडून उचल घेतली, ती फिटेपर्यंत गाडी सोडायचा विषय नव्हता.

पूर्वी गावोगावी जकात नाके होते. रांगेत चार-चार तास जायचे. अण्णा म्हणतात, "नाका म्हंजे आमची झोप." २०१७ मध्ये जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. गाडी आता थांबत नाही. चांगलंच झालं, पैसा वाचला, डिझेल वाचलं. पण कोल्हापूर नाक्यावर चहाला थांबणारे ड्रायव्हर मला सांगतात की वाचलेला वेळ त्यांना मिळाला नाही. गाडीत जीपीएस आहे, पोहोचायची वेळ ठरलेली आहे, तासभर उभं राहिलं की शेठचा फोन. रांगेत मिळणारी झोप गेली आणि तिच्या जागी दुसरी कुठली झोप आली नाही.

आता तिसरी लाट

फौजी गेले, गिरणीवाले गेले. आता कंपनीतून सुटलेले, धंदा बुडालेले, भरतीचं वय निघून गेलेले विचारायला लागलेत. मालक म्हणतात ड्रायव्हर मिळत नाही. ते खरं आहे, कारण ड्रायव्हरचा मुलगा ड्रायव्हर व्हायला तयार नाही. मीच बघा ना. अण्णांनी मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही, डिप्लोमा करायला लावला.

बायकाही आल्यात या लाईनीत, थोड्या का होईनात. आपल्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी, वकिलीची पदवी घेतलेल्या, नवऱ्याच्या अपघाती निधनानंतर पोरांसाठी भोपाळहून ट्रक चालवायला लागल्या आणि देशभर गाडी नेली. त्याही विशीत आल्या नव्हत्या, आयुष्य एकदा मोडल्यावर आल्या.

चांगल्या बदलांचीही नोंद केली पाहिजे. २००७ पासून हेवी लायसनला आठवी पासची अट होती, २०१९ मध्ये ती गेली. सातवी शिकलेल्या अण्णांसारख्यांना आता दार उघडं आहे. व्यावसायिक लायसनची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. नव्या ट्रकांना एसी केबिनची सक्ती आली. मे महिन्यात नागपूरच्या पुढं तापलेल्या इंजिनाशेजारी ज्यानं बसून बघितलंय त्याला ही चैन वाटणार नाही.

आणि जानेवारी २०२४ आठवा. नव्या भारतीय न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आलं म्हणून ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. दोन दिवसांत पंपांवर आपल्या रांगा लागल्या. सरकारनं ते कलम थांबवलं, संहिता त्या वर्षी १ जुलैला लागू झाली तेव्हाही ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. तेव्हा आपल्यातले बरेच जण म्हणाले, "पळायचं कशाला मग?" मेलेल्या माणसाच्या घरच्यांचा हा प्रश्न रास्त आहे. पण जमाव जमल्यावर परमुलखात एकटा ड्रायव्हर काय करतो, हे अण्णांनी एकदा गुजरातमध्ये भोगलंय. चूक पुढच्या गाडीची होती, मार यांनी खाल्ला. उजवा खांदा तेव्हापासून पूर्ण वर जात नाही.

मग भावाला काय सांगितलं?

जाऊ नको असं मी म्हणालो नाही. घरात दोन पोरं शिकतायत, त्याला 'नको' म्हणायचा अधिकार मला नाही. मी एवढंच सांगितलं.

एक, घाई नको. हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर जुनं असल्याशिवाय व्यावसायिकचं शिकाऊ लायसन मिळत नाही. तुझं आहे, बरं झालं. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट नुसतं विकत घेऊ नको, खरंच शीक. चाळिशीनंतर हात वळायला वेळ लागतो.

दोन, डॉक्टरचा दाखला लागतोच. तो सही-शिक्क्यापुरता घेऊ नको. डोळे, साखर, बीपी मनापासून तपासून घे. रात्री समोरून येणारा लाईट पंचविशीत वेगळा दिसतो आणि पंचेचाळिशीत वेगळा.

तीन, पहिलं वर्ष जवळच्या भाड्याला जा. पुणे, बेळगाव, सोलापूर. खंबाटकी आणि बोरघाट भरल्या गाडीनं उतरायला शिकल्याशिवाय राजस्थानचं भाडं घेऊ नको.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, कागद. पगार बँकेत घे. नेमणुकीचं पत्र माग, साध्या कागदावर का असेना. गाडीच्या पॉलिसीत ड्रायव्हरचा हप्ता भरलाय का ते स्वतः बघ. शेठकडं तू एकटाच ड्रायव्हर असलास तरी कामावर असताना काही झालं तर कायद्यानं भरपाईवर तुझा हक्क आहे, पण तू त्याच्याकडं कामाला होतास हे दाखवता आलं पाहिजे. ई-श्रमवर नोंदणी कर. लॉगबुक ठेव, स्वतःसाठी, शंभर पानी वहीत. तारीख, गाडी नंबर, कुठून कुठं.

हे मी का सांगतोय? मध्यंतरी अण्णांच्या पेन्शनीसाठी मी कागद जमवत होतो. गिरणीतली एकोणीस वर्षं सापडली. तिकीट नंबर, खातं, फंडाचा हिशेब, सगळं. संपात मोडलेल्या, आता जमिनीवर टॉवर उभा असलेल्या गिरणीचा कागद सापडला. एकवीस वर्षं ज्या गाड्या चालवल्या त्यांचा एक चिटोराही नाही. लायसनवरचे नूतनीकरणाचे शिक्के तेवढे आहेत. ते एवढंच सांगतात की या माणसाला गाडी चालवता येत होती. तो कुणासाठी चालवत होता ते सांगत नाहीत.

राज्यात रिक्षा-टॅक्सीवाल्यांसाठी कल्याणकारी मंडळ झालं. मग मालट्रकच्या ड्रायव्हरसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ का नको? बिल्टी आता ऑनलाइन निघते, ई-वे बिलावर गाडीचा नंबर असतो. त्यात ड्रायव्हरचा नंबर घालून प्रत्येक भाड्यामागं थोडी लेव्ही कापायला आज काही अवघड नाही. हिशेब ठेवायचं यंत्र आहे, पण ज्याचा हिशेब ठेवायचा तो माणूस त्यात घातलेला नाही. आपल्या आमदार-खासदारांपैकी कुणी हे वाचत असेल तर अधिवेशनात एक प्रश्न तरी विचारा. आणि तुमच्या घरात असं उशिरा गाडीवर गेलेलं कुणी असेल तर त्यांची वर्षं, मार्ग, माल लिहून ठेवा. दुसरं कुणी लिहिणार नाही.

भाऊ सगळं ऐकून गेला. परवा त्याचा फोन आला. एका शेठशी बोलणं झालंय, दोन गाड्या आहेत, माणूस चांगला आहे. लायसन हातात आल्यावर घेतो म्हणाले. मी विचारलं, पत्राचं काय झालं?

म्हणाला, "विचारलं की. शेठ हसले. म्हणाले, पत्र कशाला पायजे, घरची गाडी समज."

फोन स्पीकरवर होता. अण्णा खाटेवरून म्हणाले, "मलाबी ह्येच म्हणला हुता."